संख्यानामे आणि संगणकाची पुरवणी

डहाणू-तलासरी भागातील वारली बोलणाऱ्या मुलाच्या गणिताला, पाठ्यपुस्तकाच्या जोडीस, संगणकावरील सरावपाठांची पुरवणी द्यावी काय, हा प्रश्न केवळ शिक्षणशास्त्राचा नाही. तो भाषेचाही आहे. प्रमाण मराठीतील ‘छत्तीस’मध्ये सहा आधी ऐकू येतात, तीस मागून, अंकलेखनात क्रम उलटतो. ‘एकोणतीस’मध्ये तर ना वीस, ना नऊ, ‘नव्याण्णव’ मात्र ही वाट सोडतो. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात रूढ नावांबरोबरच ‘वीस एक’ अशी वाचनपद्धती दिली, ती याच अडचणीमुळे. वाद मात्र भाषेच्या अभिमानावरच अधिक रंगला.

‘छत्तीस’ ऐकून ६३ लिहिणाऱ्या मुलास केवळ उत्तर तपासणारा संगणक ‘चूक’ म्हणतो; चूक गणिताची की शब्दाची, हे तो विचारीत नाही. सराव जितका अथक, तितके मुलाच्या मनात आपल्याला गणित येत नाही हेच ठसते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९५७ पासून कोसबाडला परिसरातील वस्तूंनाच शिक्षणाची साधने केले. तो धडा येथे लागू पडतो. पुरवणी अवश्य असावी. परंतु दहाचे तीन गठ्ठे व सहा सुट्या काड्या मुलाने हाताळल्यानंतर, आणि चुकीचे निदान शिक्षकाकडे ठेवून, असे आमचे मत आहे.