खोडीसकट विमान

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला भारतीय हवाई दलाने मिग-२१ला निरोप दिला. १९६३ साली दाखल झालेले हे विमान आता आपल्याकडे उरले ते संग्रहालयांत, चौकांतल्या चबुतऱ्यांवर आणि हौशी लोकांच्या संगणकांवर. चबुतऱ्यावरचे विमान पाहून त्याचा बांधा कळतो. ते वैमानिकाच्या हाताला कसे लागत होते, हे कळत नाही. ते सांगण्याची जबाबदारी आता बरीचशी फ्लाइट सिम्युलेटरसाठी विमाने घडवणाऱ्यांवर येऊन पडली आहे. जुन्या लष्करी जेट विमानांची ही मॉडेल्स आणि जगात मोजक्या ठिकाणी बांधलेल्या उडत्या प्रतिकृती यांना आपण अजून छंदाच्या खात्यात टाकतो. माझ्या मते ही कला आहे आणि तिला कलेचीच कसोटी लावायला हवी.

ती कसोटी कोणती? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असे आपण म्हणतो. इथे मात्र खोड मेल्यावरही टिकली पाहिजे. विमानाच्या खोडी ज्या मॉडेलमध्ये उतरल्या ते चांगले; ज्याने त्या सफाईने पुसून टाकल्या ते कितीही देखणे असले तरी कच्चे.

‘डीसीएस वर्ल्ड’ या सिम्युलेटरसाठी २०१४ मध्ये आलेले मिग-२१बिस घ्या. त्याचा इंधनदर्शक टाकीतले इंधन मोजतच नाही. उड्डाणापूर्वी किती लिटर भरले ते हाताने काट्यावर लावायचे. पुढे इंजिनाकडे जेवढे इंधन जाते तेवढे तो वजा करत राहतो. खऱ्या विमानात हे असेच होते आणि मॉडेलमध्येही तसेच ठेवले आहे. काटा लावायचा राहिला की तो वाटभर खोटे सांगतो. ब्रेकचेही तसेच. ते पायाखाली नाहीत, स्टिकवरच्या दांडीत आहेत. ती दाबून ज्या बाजूचे पेडल पुढे कराल त्या बाजूला विमान वळते. आणि उतरताना? फ्लॅप पूर्ण खाली घेतले की इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून काढलेली हवा त्यांच्यावरून फुंकली जाते, त्यामुळे मंद वेगातही पंख उचल धरतात. पण ही हवा इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून. चाके टेकण्याआधी थ्रॉटल मागे ओढला की उचल जाते आणि विमान धाडकन खाली बसते. हे एकदा अनुभवले की या विमानावर शिकणाऱ्या कोवळ्या वैमानिकांकडून ते किती मागत होते, याची थोडी कल्पना येते. पुस्तकातल्या वर्णनातून ती येत नाही. माझ्या दृष्टीने या कलेचे सगळ्यात मोठे देणे हेच.

दुर्दैवाने बाजाराचा ओढा दुसरीकडे आहे. नव्या मॉडेलची जाहिरात उघडली की दिसतात ते उडालेल्या रंगाचे टवके, सीटच्या पट्ट्यांची वीण, काचेवरचे ओरखडे. ही कारागिरी खोटी नाही. मिगच्या कॉकपिटचा तो निळसर हिरवा रंग हुबेहूब साधणे सोपे नसते. पण चित्र पाहून गिऱ्हाईक मिळते आणि वागणूक चित्रात दिसत नाही, म्हणून मेहनतीची वाटणी चुकते. सिम्युलेटरच्या दुकानांत आज अशी कितीतरी जेट विमाने आहेत की बाहेरून एक साठच्या दशकातले, दुसरे ऐंशीच्या, आणि हातात घेतली की दोन्ही सारखीच आज्ञाधारक. थ्रॉटल पुढे केला की ताबडतोब जोर, वळवले की निमूट वळण. सुरुवातीच्या जेट इंजिनांना वेग घ्यायला कित्येक सेकंद लागत. ती सेकंदे ज्याने गिळली त्याने त्या काळाचा इतिहासच गिळला.

वागणूक गणितात उतरवणे अवघड असते हे मान्य. ‘एक्स-प्लेन’ हा सिम्युलेटर पंखाचे छोटे छोटे तुकडे पाडून प्रत्येकावर हवेचे बल काढतो. इतर अनेक ठिकाणी वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्या, उड्डाण-पुस्तिका आणि जुने अहवाल यांतून आकड्यांचे तक्ते बांधतात. पहिल्या पद्धतीत अनोळखी विमानही बरे उडते, पण ध्वनिवेगाच्या आसपास ती अडखळते. दुसरी पद्धत मुळातल्या आकड्यांइतकीच खरी. आणि ज्या टोकाच्या अवस्थांत विमानाचा स्वभाव उघड होतो, म्हणजे स्टॉल, फिरकी, ध्वनिवेगाचा उंबरठा, नेमके तिथलेच आकडे विरळ असतात. तिथे घडवणाऱ्याला जुन्या वैमानिकाच्या आठवणीवर विसंबावे लागते.

ज्यांनी हे मनावर घेतले त्यांत ‘हीटब्लर’ या मॉडेल घडवणाऱ्या कंपनीचे नाव मी पहिले घेईन. त्यांच्या एफ-१४ए टॉमकॅटमध्ये टीएफ-३० इंजिन थ्रॉटलच्या आडदांड हाताळणीने गुदमरते, जसे ते खरोखर गुदमरत असे. मे २०२४ मध्ये आलेले त्यांचे एफ-४ई फँटम त्याच्याही पुढे गेले. सुट्या भागांची झीज हिशेबात धरल्याने एक फँटम दुसऱ्यासारखे तंतोतंत वागत नाही. नाक फार वर असताना नुसती स्टिक आडवी कराल तर विमान भलत्याच बाजूला ओढ घेते. तिथे पायाने, रडरने वळायचे असते. फँटमच्या वैमानिकांना हा धडा मुद्दाम शिकवावा लागे. सध्याच्या कामात मला हे सर्वात उंचावरचे वाटते.

उडत्या प्रतिकृतींची गोष्ट उलटी आहे. मेसरश्मिट २६२ हे युद्धात उतरलेले पहिले जेट लढाऊ विमान. अमेरिकेत टेक्सासमध्ये सुरू होऊन वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेटला पुऱ्या झालेल्या प्रकल्पात त्याच्या प्रतिकृती उभ्या राहिल्या. मूळ विमान उलगडून, प्रत्येक भाग मोजून त्या बांधल्या. मूळ मालिकेतले पुढचे क्रमांकही त्यांना मिळाले. पहिली प्रतिकृती डिसेंबर २००२ मध्ये उडाली. बांधा अस्सल, इंजिन मात्र मूळचे युमो ००४ नव्हे. ते जेमतेम दहा ते पंचवीस तास टिकायचे. त्याच्या पोकळ खोळीत जनरल इलेक्ट्रिकचे छोटे इंजिन बसवले, वजनाने मूळच्या एक-तृतीयांशाहूनही हलके आणि जोराला जास्त. जिवंत माणूस बसवायचा म्हटल्यावर दुसरा मार्गच नव्हता. परिणाम असा की ‘आयएल-२’ या सिम्युलेटर-मालिकेतल्या २६२मध्ये थ्रॉटल घाईने ढकलला तर इंजिन हातचे जाते, आणि खरोखर उडणाऱ्या २६२मध्ये ती धास्ती नाही. या विमानाची खरी खोड आज संगणकातच राहते आहे.

मूळची जुनी जेट विमाने उडती ठेवण्याचा मार्ग तर अरुंदच होत चालला आहे. ब्रिटनचे शेवटचे उडते व्हल्कन बॉम्बफेकी विमान, एक्सएच५५८, ऑक्टोबर २०१५ मध्ये कायमचे उतरले. त्याच वर्षी २२ ऑगस्टला शोरॅमच्या प्रदर्शनात हॉकर हंटर कोसळून रस्त्यावरची अकरा माणसे मेली आणि ब्रिटनमध्ये जमिनीवरच्या आकाशात अशा विमानांच्या कसरतींवर बंधने आली. ती योग्यच होती. लोंगेवालाच्या लढाईमुळे आपल्याला जवळचे असलेले हे हंटर तिथे यापुढे पूर्ण ताकदीने वळताना पाहायचे तर बहुधा पडद्यावरच. लहान टर्बाइनवर उडणारी मॉडेल विमाने डोळ्यांना सुख देतात, पण हवा काही त्याच प्रमाणात लहान होत नाही. त्यांची वागणूक त्यांची स्वतःची असते.

आता आपल्याकडचे. भारतीय हवाई दल या जगात बहुतेक वेळा रंगापुरते हजर असते. सोव्हिएत घडणीच्या मिग-२१बिसवर तिरंगी चक्र रंगवले म्हणून ते बायसन, म्हणजे आपल्या हवाई दलाची सुधारित आवृत्ती, होत नाही. बायसनचे कोप्यो रडार आणि कॉकपिटमधली नवी उपकरणे हा वेगळाच संसार. जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँक यांच्या हाताखाली बंगळूरला घडलेले, १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडालेले एचएफ-२४ मरुत मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात उभे आहे. कमी जोराच्या ऑर्फियस इंजिनांमुळे ते अपेक्षित वेग कधी गाठू शकले नाही. ती खंत स्टिक हातात धरून समजावी, असे मॉडेल त्याच्या वाट्याला यायला हवे. ‘फ्लाइटगिअर’ या मोफत सिम्युलेटरमध्ये सी हॉक आहे, म्हणजे १९७१ च्या युद्धात विक्रांत या विमानवाहू नौकेवरून कॉक्स बाजारवर हल्ल्याला गेलेला विमानप्रकार. त्याची फाइल कुणालाही उघडून दुरुस्त करता येते, आणि गोव्याच्या नौदल हवाई संग्रहालयात खरे सी हॉक मोजमापाला उभे आहे. सुरुवात करायला एवढे पुरे.

मिग-२१ नाशिकजवळ ओझरला बांधले गेले. त्याची इंजिने कानांनी ओळखणारे तंत्रज्ञ आणि ते विमान उडवणारे वैमानिक आज नाशिक-पुण्यात निवृत्तीत आहेत. पुस्तिकांत नसलेले आकडे त्यांच्या हातांत आहेत. वाचकांपैकी कुणी त्या घरातले असतील तर गोपनीयतेचा मान राखून त्यांना बोलते करा, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा, जुन्या वह्या आणि फोटो रद्दीत जाऊ देऊ नका. हे काम याच वर्षी हाती घ्या.