जामखेडच्या आख्यानातील परिचारिका : एक चिकित्सा

डॉ. मेबेल आरोळे व डॉ. रजनीकांत आरोळे यांचा ‘जामखेड’ हा 1994 साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेला ग्रंथ सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात प्रामुख्याने यशोगाथा म्हणून वाचला जातो. तसे वाचले जाणे स्वाभाविक आहे. 1970 साली अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील एका दुष्काळी तालुक्यात, वापरात नसलेल्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या जागेत सुरू झालेल्या समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची दखल जागतिक आरोग्य संघटनेने 1975 च्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या संकलनात घेतली. 1979 साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तथापि या यशोगाथेच्या प्रारंभी एका अपयशाची नोंद आहे आणि ते अपयश परिचारिकेच्या नावावर जमा झालेले आहे.

प्रकल्पाची मूळ योजना गावोगावी साहाय्यकारी परिचारिका प्रसाविका नेमण्याची होती. ती यशस्वी झाली नाही. शिक्षित, तरुण, बहुधा अविवाहित अशा या स्त्रिया परक्या गावात एकट्या राहण्यास कचरत होत्या आणि गावातील स्त्रियाही त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत नव्हत्या. त्यानंतर गावातीलच एखाद्या प्रौढ स्त्रीची निवड करून तिला प्रशिक्षण द्यावे, ही कल्पना पुढे आली. गावानेच निवडलेल्या, पुष्कळदा निरक्षर आणि दलित समाजातील अशा स्त्रिया ग्राम आरोग्य सेविका झाल्या. त्यांनी केलेले कार्य असामान्य आहे. 1971 मध्ये प्रकल्पक्षेत्रात दर हजार जिवंत जन्मांमागे 176 इतका असलेला बालमृत्युदर पुढील दोन दशकांत झपाट्याने उतरला, त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात त्यांच्याकडे जाते.

प्रश्न आहे तो परिचारिकेच्या अपयशाच्या अन्वयार्थाचा. परिचारिका ग्रामीण जीवनाशी समरस होऊ शकली नाही, असा निष्कर्ष सहज काढला जातो. परंतु ग्रंथातील तपशील बारकाईने पाहिल्यास वेगळेच चित्र दिसते. राहण्यास सुरक्षित जागा, रात्री-अपरात्री प्रसूतीसाठी जाताना सोबत, गावपुढाऱ्यांपुढे शब्दाला वजन, यांपैकी काहीही तिला उपलब्ध नव्हते. ज्या सेविकेने पुढे यश मिळविले तिला मात्र स्वतःचे घर, आप्तांचा आधार, प्रकल्पाचे पाठबळ आणि दर आठवड्यास जामखेड येथे होणारे प्रशिक्षण लाभले. शिवाय शेतकरी मंडळे व महिला मंडळे तिच्या पाठीशी उभी राहिली. दोघींच्या स्वभावात वा निष्ठेत नव्हे, तर त्यांना मिळालेल्या आधारात हा फरक होता. लेखकद्वयाने हा आधार तपशीलवार वर्णिला आहे. परिचारिकेसंबंधी तोच निकष लावण्याचे मात्र राहून गेले आहे.

ग्रंथाच्या निवेदनातही ही विषमता जाणवते. ग्राम आरोग्य सेविकांच्या जीवनकथा त्यात सविस्तर व आत्मीयतेने आल्या आहेत आणि हे त्याचे खरे वाङ्मयीन वैभव होय. त्या मानाने परिचारिका ही फिरत्या पथकातील एक घटक म्हणून वावरते. ती औषधे देते, तपासणीत मदत करते, सेविकेला शिकविते. तिचे मनोगत मात्र क्वचितच ऐकू येते. डॉक्टर व निरक्षर ग्रामीण स्त्री यांच्यातील अंतर मिटविण्याची कथा सांगताना मधली व्यक्ती अंधुक झाली, असे म्हणावे लागेल.

ही केवळ एका ग्रंथाची मर्यादा नाही. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ स्वयंसेविकेची रचना झाली, तिच्यावर जामखेडसारख्या प्रयोगांची छाया स्पष्ट आहे. उपकेंद्रातील परिचारिकेकडे लसीकरण, प्रसूती, नोंदवह्या आणि आशांच्या कामाचे मार्गदर्शन अशी कामे वाढत गेली. गावात ‘नर्सबाई’ म्हणून तिला मान आहे. निवासस्थान दुरुस्त करून घेण्याचा अधिकार मात्र नाही.

रुग्णालयातील चित्र याहून वेगळे नाही. 6 नोव्हेंबर 2021 रोजी अहमदनगर जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास आग लागून कोविडचे 11 रुग्ण दगावले. जिल्हा शल्यचिकित्सकांचे निलंबन झाले. अटकेची कारवाई मात्र एका वैद्यकीय अधिकाऱ्यावर व परिचारिकांवर झाली आणि परिचारिकांच्या संघटनांनी तिचा निषेध केला. कर्तव्यात कसूर झाली की नाही, हा न्यायालयीन प्रश्न आहे. परंतु इमारतीतील विद्युत व्यवस्था, अग्निशमन यंत्रणा, बाहेर पडण्याचे मार्ग यांपैकी एकाही बाबीसंबंधी निर्णय घेण्याचा अधिकार कक्षातील परिचारिकेस नसतो. त्याच वर्षी 9 जानेवारीस भंडारा येथील नवजात शिशू कक्षातील आगीत 10 अर्भके मृत्युमुखी पडली, तेव्हाही कारवाईच्या यादीत परिचारिका होत्या. रुग्णाच्या उशाशी जी उभी असते तिच्यापाशी जबाबदारी येऊन थांबते; अधिकार मात्र तिथपर्यंत पोहोचत नाही. 1970 च्या सुमारास जामखेडच्या गावांतून परतलेल्या परिचारिकेची अडचण नेमकी हीच होती.

मे 2022 मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी बाह्यस्रोतांमार्फत होणाऱ्या पदभरतीच्या विरोधात संप पुकारला. रुग्णांची गैरसोय हा त्यावेळच्या चर्चेचा मुख्य विषय ठरला. कंत्राटी पदावरील परिचारिका कक्षातील उणिवेबद्दल वरिष्ठांकडे लेखी तक्रार कितपत करू शकेल, हा रुग्णसेवेच्या दृष्टीने अधिक कळीचा मुद्दा त्या चर्चेत मागे पडला. प्रत्येक सेविकेने आठवड्याच्या बैठकीत आपल्या गावातील उणिवा निर्भयपणे मांडाव्यात, अशी व्यवस्था जामखेडने उभारली होती. तशी बैठक जिल्हा रुग्णालयांच्या कक्षांतून परिचारिकांसाठी घेता येईल काय, या दृष्टीने ‘जामखेड’चे वाचन अद्याप झालेले दिसत नाही.