पाहुणा प्रेक्षक

परदेशच्या मोठ्या शहरीं चार दिवसांच्या मुक्कामास गेलेला सुशिक्षित मनुष्य एखादी संध्याकाळ नाटकासाठीं राखून ठेवतोच. लंडनला जाणाऱ्या आमच्या मंडळींविषयीं तर हें विशेष खरें. त्यांनीं पाहिलेलें नाटक मात्र बहुधा वर्षानुवर्षें चालत आलेल्या दोन-चार नाटकांपैकींच असतें. जें सर्वांनीं पाहिलें तें आपणही पाहावें, ही इच्छा स्वाभाविक आहे व तीस आम्हीं नांवें ठेवीत नाहीं. परंतु असल्या पाहुण्याच्या आश्रयानें नाट्यकलेचें काय होतें, हा प्रश्न विचारण्याजोगा खास आहे.

या वर्गांतील सर्वांत दीर्घायुषी नाटक म्हणजे अगाथा ख्रिस्ती या लेखिकेचें ‘माउसट्रॅप’. लंडनांत त्याचा पहिला प्रयोग २५ नोव्हेंबर १९५२ रोजीं अँबॅसडर्स नाट्यगृहांत झाला. १९७४ सालीं तें शेजारच्या सेंट मार्टिन्स नाट्यगृहांत गेलें. आणि २०२० सालच्या साथीनें पाडलेला खंड सोडला तर तें अव्याहत चालू आहे. बर्फानें वाट बंद झालेलें एक घर आणि त्यांत अडकलेलीं आठ माणसें, एवढ्याच सामग्रीवर बाईंनीं संशयाची जी गुंफण केली आहे, ती कोणाही नाटककारानें अभ्यासावी अशी आहे. रहस्य बाहेर फोडूं नये, अशी विनंति अखेरीस प्रेक्षकांस करण्यांत येते. त्यामुळें एखाद्या गुप्त मंडळाचे आपण सभासद झालों, असें समाधान घेऊन पाहुणा बाहेर पडतो.

मग उणें कोठें आहे? आमच्या मतें तें रंगमंचावर नसून समोरच्या खुर्च्यांत आहे. रहस्य एकदां कळलें कीं पुन्हां येण्याचें कारण उरत नाहीं. आणि पाहुणा तर मुळांतच एकदां येणारा. डेव्हिड रेव्हन या नटानें या नाटकांत मेजर मेटकाफची भूमिका ४,५७५ वेळां केली. या चिकाटीचें कौतुक करावें तेवढें थोडें. पण कालच्यापेक्षां आज रंग कमी भरला, हें त्यास सांगणारा समोर कोण होता? आमच्याकडे १९१३ सालीं निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीजवळ अनेक नाटकें तयार असत. ती गांवोगांव फिरे, आणि ‘स्वयंवर’ पुन्हां पुन्हां पाहिलेला रसिक तिच्यापुढें बसे. रुक्मिणीचें पद मागल्या खेपेस कसें रंगलें होतें, याचा हिशेब त्याच्याजवळ असे. रसिकाची आठवण हाच नटावरचा खरा धाक होय.

पाहुण्यांच्या गर्दीनें प्रत्येक नाट्यगृहाचें असेंच होतें, असें मात्र नाहीं. टेम्स नदीच्या दक्षिण तीरीं १९९७ सालीं उघडलेलें ‘ग्लोब’ पाहावें. शेक्सपिअरच्या मंडळीनें १५९९ सालीं उभारलेल्या नाट्यगृहाची ही प्रतिकृति सॅम वॉनामेकर या अमेरिकन नटाच्या ध्यासांतून उभी राहिली. रंगमंचापुढील उघड्या पटांगणांत सुमारें सातशें लोक उभे राहूं शकतात. तेथें बसावयाचें नाहीं, आणि पाऊस आला तरी छत्री उघडावयाची नाहीं. प्रकाश नट व प्रेक्षक या दोघांवरही सारखाच असल्यामुळें कोण हसला, कोण कंटाळला, हें नटास तत्काळ दिसतें. शिवाय एकाच हंगामांत तेथें अनेक नाटकें होतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, शेक्सपिअरच्या नाटकांची आठवण पाहुण्यास घरूनच नेतां येते. आगरकरांनीं १८८३ सालीं ‘हॅम्लेट’चें ‘विकारविलसित’ केलें. देवलांनीं १८९० सालीं ‘ऑथेल्लो’स ‘झुंजारराव’ या नांवानें मराठी वेष दिला. हीं पुस्तकें ज्या घरांत वाचलीं गेलीं, त्या घरच्या माणसास ‘ऑथेल्लो’चा शेवट ठाऊकच असतो. पुढें काय होणार, ही उत्कंठा त्यास नसते; समोरचा नट तो संशय मनांत कसा शिरूं देतो, एवढेंच तो पाहतो. तो पाहुणा न राहतां परीक्षक होतो.

रहस्यनाटकास कोणी जाऊं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. मात्र हातीं एकच संध्याकाळ असेल तर ज्याचा शेवट आधीं माहीत आहे असेंच नाटक निवडावें, आणि प्रवासास निघण्यापूर्वीं तें घरांत सर्वांनीं मिळून मोठ्यानें वाचावें.