हळर्णची दोन घराणी आणि आपले कुलवृत्तान्त

आपल्याकडील कुलवृत्तान्त वाचताना एक साचा वारंवार आढळतो. घराणे उदयास येते ते मूळ पुरुषाच्या पराक्रमाने आणि लयास जाते ते कोणाच्या तरी फितुरीने. उदयाचे श्रेय घरचे, ऱ्हासाचा दोष मात्र बाहेरचा. हा साचा कितपत खरा, हे पेडण्यातील हळर्ण किल्ल्याच्या आधारे तपासून पाहावे असे आम्हास वाटते. कारण या एका किल्ल्यापाशी दोन सरदार घराण्यांची वाट एकमेकींना छेदून गेली आहे.

१७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रो मिगेल द आल्मैदा याने वाडीकर सावंत-भोसल्यांकडून हळर्ण जिंकले. या विजयाच्या गौरवार्थ १७४८ मध्ये त्यास ‘आलोर्नाचा मार्क्विस’ हा किताब मिळाला. आलोर्ना म्हणजे हळर्णच. गावाने सरदारास नाव दिले, सरदाराने गावास नव्हे.

पहिला मार्क्विस १७५६ मध्ये वारला. १७५८ मध्ये पोर्तुगालच्या राजावर गोळीबार झाला आणि त्याचा आळ तावोरा घराण्यावर आला. आलोर्नाची सून याच घराण्यातली. तिचे वडील आलोर्नानंतर गोव्याचे व्हाइसरॉय होते. त्यांना व त्यांच्या पत्नीस १७५९ च्या जानेवारीत देहान्त शिक्षा झाली. जावई, म्हणजे दुसरा मार्क्विस, तुरुंगात गेला. त्याची पत्नी व मुली मठात कोंडल्या गेल्या. सुटका झाली ती १७७७ मध्ये. हे घराणे रणात हरले नाही. ज्या दरबाराने त्यास वाढविले त्यानेच त्यास मोडले.

सावंतांकडे पाहावे तर हळर्णचा मुलूख त्यांच्याकडे परत आला होता. तिसरे खेम सावंत (१७५५–१८०३) यांचा १७६३ मध्ये जयाप्पा शिंदे यांच्या कन्या लक्ष्मीबाई यांच्याशी विवाह झाला, ‘राजे बहादूर’ हा किताब आला, आणि त्याबरोबर कोल्हापूरकरांचे वैर वाढले. डिचोली १७८१ मध्ये गेली. पेडणे मात्र १७८८ मध्ये कोल्हापूरकरांविरुद्ध मदत मिळावी म्हणून सावंतांनी स्वतःच पोर्तुगिजांस दिले. ‘नव्या काबिजादी’ हा शब्द आपण सहज वापरतो. पेडण्यापुरता तो दिशाभूल करणारा आहे. ते जिंकले गेले नाही, तहात दिले गेले. पुढे खेम सावंत निपुत्रिक वारले, वारसाचा तंटा माजला, लक्ष्मीबाईंनी दत्तक घेतलेल्या बालराजाचा १८०७ मध्ये खून झाला आणि १८१२ मध्ये वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले. येथे फितुरीपेक्षा भाऊबंदकी आणि मराठ्यांचे आपसांतील वैर हेच अधिक दिसते.

कुलवृत्तान्त हा इतिहास नव्हे, कुलाभिमान जागविणे हे त्याचे काम, असा आक्षेप कोणी घेईल. आम्हास तो मान्य नाही. ज्या अभिमानास अर्धी हकीकत वगळावी लागते, तो पुढच्या पिढीस काहीच शिकवीत नाही.

दुसरा दोष याहून मोठा आहे. मठात कोंडलेल्या त्या मुलींपैकी लियोनोर ही तेव्हा आठ वर्षांची होती. तिचे आजोबा व आईचे वडील, दोघेही गोव्याचे व्हाइसरॉय. मठातील अठरा वर्षांत ती शिकली, कविता लिहू लागली आणि ‘आल्सिप’ या टोपणनावाने पोर्तुगीज कवितेत मान्यता पावली. १८३९ मध्ये ती वारली. १८४४ मध्ये तिच्या कवितांचे सहा खंड निघाले. तलवारीने मिळविलेले हळर्ण काही वर्षांतच हातचे गेले. आलोर्ना हे नाव पोर्तुगीज साहित्यात राहिले ते या नातीमुळे. इकडे सावंतांच्या वारसाच्या प्रश्नात ज्यांचा शब्द चालला त्याही लक्ष्मीबाईच.

आपल्या वंशावळींत मात्र ‘कन्या दोन’ एवढ्यावर काम भागते. आमच्या घरच्या वंशावळीतही आमच्या आत्यांची नावे नाहीत, आणि ती सांगू शकणारी माणसे आता राहिलेली नाहीत. ज्या घरांत अशी माणसे अद्याप आहेत, त्यांनी नव्या आवृत्तीची वाट न पाहता ती नावे आजच लिहून ठेवावीत; आणि घराणे का उतरणीस लागले, हेही त्यांच्याकडूनच ऐकून घ्यावे.