कुरत्तीच्या तोंडी सत्य : वेदनायक शास्त्रींच्या शिष्यत्वाचा प्रश्न

ख्रिस्ती शिष्यत्वाचा वाङ्मयीन विचार करताना मराठी समीक्षेची दृष्टी सहसा रेव्हरंड नारायण वामन टिळकांपाशी येऊन थांबते. ते स्वाभाविकही आहे. परंतु टिळकांच्या जन्मापूर्वी साठ वर्षे, मराठ्यांच्याच तंजावरात, हा प्रश्न एका काव्यात उभा राहिला होता. काव्य तमिळ, त्याचा कर्ता तिरुनेलवेलीकडचा वेळाळ ख्रिस्ती, त्याचा गुरू प्रशियाचा जर्मन आणि गुरुबंधू प्रत्यक्ष भोसले कुळातला राजा. वेदनायक शास्त्रींच्या ‘बेथलेहेम कुरवंजी’चा (१८००) हा परिसर ध्यानी घेतल्यावाचून त्यातील आत्मशोधाचे स्वरूप कळणे कठीण आहे.

क्रिस्टियन फ्रीडरिख श्वार्ट्झ हा हाले येथील भक्तिवादी परंपरेत वाढलेला. या परंपरेत धर्मनिष्ठेची कसोटी मतापेक्षा अंतःकरणाच्या झडतीवर अधिक असे. १७५०मध्ये तो तरंगंबाडीला उतरला. १७७८पासून तंजावरी स्थायिक झाला. तेथील राजाशी बोलता यावे म्हणून तो मराठीही शिकला. त्याच्या हाताखाली वाढलेल्यांपैकी दोघे विशेष लक्षणीय : बाराएक वर्षांचा असताना त्याने तंजावरी आणलेला वेदनायक आणि तुळजाजींनी मृत्युसमयी त्याच्यावर ज्याची काळजी सोपविली तो दत्तक पुत्र, पुढचे दुसरे सरफोजी. सरफोजी हिंदूच राहिले. तरीही गुरूच्या मृत्यूनंतर (१७९८) त्यांनी फ्लॅक्समनसारख्या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. त्यात मृत्युशय्येवरील गुरूचा हात राजाने हाती घेतला आहे. धर्मांतर न करताही शिष्यत्व किती खोल जाऊ शकते, याचा इतका बोलका पुरावा दुसरा क्वचितच सापडेल.

दोघा शिष्यांनी एकच नाट्यप्रकार हाताळावा, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे. कुरवंजीचा साचा ठरलेला असतो. मिरवणुकीत देव किंवा राजा पाहून नायिका विरहाने व्याकूळ होते. डोंगरातली कुरत्ती येऊन तिचा हात पाहते व मीलनाचे भविष्य सांगते. मग कुरत्तीचा नवरा, पक्षी धरणारा कुरवन, तिला शोधीत येतो आणि विनोदाला भरती येते. सरफोजींच्या नावावर असलेल्या मराठी ‘देवेंद्र कुरवंजी’त (सरस्वती महालाने १९५०मध्ये प्रसिद्ध केलेल्या) या साच्यात जगाचा भूगोल भरला आहे. श्वार्ट्झकडून आलेली नवी विद्या वेदनायकांच्या काव्यातही आहे. मात्र त्यांची नजर अखेर आतल्या प्रदेशाकडे वळते. त्यांची नायिका देवमोहिनी म्हणजे मंडळी, सियोनची कन्या. तिला तिच्या वराची खूण पटविणारी कुरत्ती म्हणजे श्रद्धा. आणि कुरवनाचे पक्षी धरणे म्हणजे उपदेशकाने आत्मे गोळा करणे.

रूपक म्हणून हे चतुर आहे, पण त्याचे मोल चातुर्यात नाही. वेदनायक स्वतः मिशनच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. उपदेशकाचे काम त्यांच्या रोजच्या व्यवहारातले. त्या कामाला त्यांनी प्रेषिताचा किंवा आचार्याचा वेष दिला असता तर कोणी हरकत घेतली नसती. दिला तो मात्र जाळे घेऊन धडपडणाऱ्या, प्रेक्षकांनी ज्याला हसावे अशा कुरवनाचा. आपल्या अधिकारपदाकडे असे किंचित हसून पाहता येणे ही आत्मजाणिवेची वरची पायरी होय. त्याहून मोठी गोष्ट कुरत्तीची. मंडळीला तिचे स्वरूप सांगण्याचा मान कवीने गावाबाहेरच्या, भटक्या, जातीच्या उतरंडीत तळाशी असलेल्या स्त्रीला दिला. साच्यातच तसे होते, हे खरे. पण साच्यातले ते स्थान श्रद्धेला देण्याची निवड कवीची आहे.

आणि येथेच पेच उभा राहतो. १८२०नंतर तंजावरास आलेल्या तरुण मिशनऱ्यांनी मंडळीत जातीनुसार वेगळे बसणे, प्रभुभोजनातला भेद हे मोडावयास घेतले. वेदनायकांनी कडाडून विरोध केला. जातिसुधारणेला वेडेपणा ठरविणारा एक ग्रंथच त्यांनी १८२९च्या सुमारास लिहिला. ज्याच्या काव्यात कुरत्ती नायिकेचा हात हाती घेते, त्याला प्रत्यक्ष उपासनेत परैयर बंधूच्या शेजारी बसणे नको होते. यावर पांघरूण घालणारे चाहते आणि यामुळे काव्यच बाद करणारे टीकाकार, दोघांनीही प्रश्न सोपा करून टाकला आहे. काव्य कवीच्या पुढे गेले आणि कवी त्याच्या मागोमाग गेला नाही, असेच म्हणावे लागते.

नव्या मिशनऱ्यांची बाजूही निर्दोष नव्हती. जातिभेदाबरोबरच त्यांनी तमिळ संगीत, फुले, सणसमारंभ यांनाही हात घातला. रूढ झालेले तमिळ बायबलही बदलावयास काढले. स्वतःच्या चालीरीतीही चालीरीतीच आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. दुसऱ्याचा अहंकार मोडावयास निघालेल्या नेतृत्वाला आपला अहंकार दिसू नये, ही जुनीच गोष्ट. त्यामुळे वेदनायकांना गाणे आणि जात ही दोन्ही एकाच गाठोड्यात बांधता आली व त्या गाठोड्यावर गुरूचे नाव लिहिता आले. श्वार्ट्झने वेगळ्या जागा चालू दिल्या होत्या, हे खोटे नव्हे. पण गुरूने ज्या गोष्टीकडे कानाडोळा केला तिला शिष्याने तत्त्व मानले. गुरूची सवलत वारशाने घेतली आणि आत्मपरीक्षणाची सवय मात्र तेवढ्यापुरती बाजूला राहिली. १८३३मध्ये बिशप विल्सन यांनी जातिभेद पाळण्यास मनाई केली, तेव्हा तंजावरची मंडळी दुभंगली. शास्त्रींचे मिशनमधले स्थान त्यापूर्वीच गेले होते. अन्नाची सोय केली ती हिंदू गुरुबंधूने.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या संदर्भात आठवणे अपरिहार्य आहे. बाईंचे सोवळे एकदम सुटत नाही; ते पाण्यातून, स्वयंपाकातून, चिडचिडीतून, हसण्यातून सुटत जाते आणि त्याचा आरंभ त्यांच्या बाप्तिस्म्यापूर्वीच झालेला असतो. आत्मकथनात ‘मी’ला पळवाट नसते. रूपकात असते. देवमोहिनी आणि कुरत्ती यांच्या आड राहिलेल्या कवीला ‘माझे काय?’ असे कोणी विचारले नाही, त्यानेही स्वतःला विचारले नाही. वेदनायकांसारखा पदरचनेवर व संगीतावर प्रभुत्व असलेला कवी आत्मवृत्ताकडे वळता तर काय लिहिता, हा तर्क निरर्थक. परंतु वाङ्मयप्रकाराने आत्मशोधाची मर्यादा आखली जाते, हे त्यातून दिसते.

भाषांतरकारापुढे हा पेच एका शब्दाच्या रूपाने येतो. ‘कुरत्ती’चे मराठीत काय करावे? ‘भविष्य सांगणारी’ म्हटले की तिची जात पुसली जाते, आणि तिच्याबरोबर काव्याचे धैर्यही. ‘कैकाडीण’ म्हटले तर नाते खरे जुळते, कारण कैकाडी व कोरवर यांची बोली आणि वंशपरंपरा एकमेकींच्या जवळच्या आहेत. पण मग ब्रिटिश काळातल्या कायद्याने गुन्हेगार ठरविलेल्या जमातीचा सगळा भार त्या शब्दाबरोबर येतो. मराठी ‘देवेंद्र कुरवंजी’ने मूळ शब्द तसाच ठेवला. दरबारात तो खपून गेला. आजच्या मराठी भाषांतराने ‘कैकाडीण’ हाच शब्द पत्करावा. वाचकाला तो अडला, तर तंजावरच्या मंडळीला जे अडले तेच त्याला अडले असे होईल.