सव्वासात वाजताचे शिवार

छायाचित्रांची समीक्षा करण्याचा माझा अधिकार बेताचाच. मी मराठीचा एम. ए.; तीस वर्षे शिकवण्यात गेली आणि आता काही वर्षे मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसतो. कविता कशी वाचावी हे मी मुलांना सांगत आलो. चित्र कसे पाहावे हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही कुणाला सांगितले नाही. तरीही हा लेख लिहितो आहे, कारण परीक्षक म्हणून एक निकाल मी चुकीचा दिला होता. त्या निकालाची फेरतपासणी करावी, एवढाच हेतू आहे.

२०२३ च्या जानेवारीअखेर आमच्या शाळेत छायाचित्रांची स्पर्धा झाली. विषय होता, ‘आमच्या गावचा हिवाळा’. घरोघरी मोबाइल आहेत, तेव्हा प्रवेशिकांना तोटा नव्हता. साठ-सत्तर चित्रे आली. त्यांतली निम्मीअधिक राजहंसगडावरची. बुरुजाच्या काळ्या कडेमागून वर येणारा तांबडा गोळा, खाली धुक्याचा समुद्र आणि मधूनच डोके वर काढणारी टेकडी. अशाच एका चित्राला मी पहिले बक्षीस दिले. चित्र देखणे होते, यात शंका नाही.

त्या ढिगात नववीतल्या एका मुलीने पाठवलेला नऊ चित्रांचा संच होता. नऊही चित्रे एकाच जागेची. येळ्ळूर बाजूच्या शिवारातले त्यांचे शेत, परसदारच्या विहिरीच्या कठड्यावर आईचा मोबाइल टेकवून टिपलेले. कापलेल्या भाताची मजगी, तिच्यापलीकडे बांध, बांधावर विजेचा खांब, त्याच्यामागे पिंजराची गंजी आणि तिच्यावरून येणारे समोरचे ऊन. बस्स. मी निकालाच्या कागदावर शेरा मारला : ‘विषयात वैविध्य नाही. खांब आडवा आला आहे.’

तो शेरा तिने वाचला आणि मला व्हरांड्यात गाठून म्हणाली, “सर, खांब तिथंच हाय की. मी कसा काढू?”

मी हसलो आणि पुढे गेलो. तेव्हा ते उत्तर मला केवळ निरागस वाटले होते.

पुढे वर्षभराने माझ्या मुलाने पुण्याहून येताना एक जाडजूड पुस्तक आणले. योसेफ सुदेक या चेक छायाचित्रकाराच्या चित्रांचे. सुदेकचा जन्म १८९६ चा. शिक्षण पुस्तकबांधणीचे. पहिल्या महायुद्धात तो जखमी झाला आणि त्याचा उजवा हात कापावा लागला. एका हाताच्या माणसाने पुढे आयुष्यभर तिपाईवरचे अवजड कॅमेरे वाहिले. प्रागमध्ये एका अंगणातल्या लहानशा लाकडी खोलीत त्याचा स्टुडिओ होता. १९३९ ते १९४५ प्राग जर्मनांच्या ताब्यात होते. त्या काळात, १९४० साली, सुदेकने आपल्याच खिडकीची चित्रे घ्यायला सुरुवात केली आणि १९५४ पर्यंत घेत राहिला. खिडकी तीच. बाहेरचे अंगण तेच. अंगणातले वाकडेतिकडे झाड तेच. बदलत होते ते काचेवरचे दव, काचेवरचे बर्फ, झाडाची पाने आणि या सगळ्यातून आत येणारा उजेड.

पहिल्यांदा पाने उलटताना मला ती चित्रे अंधारी वाटली. प्रागसारखे शहर दाराशी असताना हा मनुष्य ओल्या काचेकडे का पाहत बसला, हेही कळेना. दुसऱ्यांदा पाहताना मात्र एक गोष्ट ध्यानात आली. एक चित्र सुटे पाहिले तर ते खिडकीचे चित्र आहे. दहा चित्रे ओळीने पाहिली की खिडकी मागे सरते आणि उजेडाचे चित्र दिसू लागते. जागा हलली नाही म्हणूनच काय हलले ते कळते. आणि त्याच क्षणी मला तो विजेचा खांब आठवला.

मी त्या मुलीचा संच कपाटातून शोधून काढला. प्रत्येक चित्रामागे तिने पेन्सिलीने तारीख आणि वेळ लिहिली होती. स्पर्धेच्या वेळी मी एकही चित्र उलटून पाहिले नव्हते. २० नोव्हेंबर २०२२ ते १५ जानेवारी २०२३, सलग नऊ रविवार. वेळ प्रत्येक वेळी सकाळी सव्वासात. इतर दिवशी त्या सुमाराला तिला शाळेच्या एस. टी. साठी निघावे लागत असे, म्हणून रविवार.

आता चित्रे क्रमाने पाहू. पहिल्या चित्रात भाताच्या पेंढ्या मजगीत आडव्या पडल्या आहेत. सूर्य बऱ्यापैकी वर आला आहे आणि खांबाची सावली मजगीच्या मध्यापर्यंत पोचून संपते. दोन रविवारांनी पेंढ्या गेल्या, गंजी उभी राहिली. सावली थोडी पुढे आली. ११ डिसेंबरचे चित्र ढगाळ आहे. त्यात सावलीच नाही आणि शेत एखाद्या ओल्या घोंगडीसारखे पडले आहे. नाताळच्या दिवशी धुके इतके की खांब अर्धाच दिसतो. त्याच चित्रात नीट पाहिले तर जमिनीवर बारीक हिरवी रांग दिसते. भात काढल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर आमच्याकडे मसूर पेरतात, ती उगवली आहे. शेवटच्या, १५ जानेवारीच्या चित्रात खांबाची सावली मसुरीवरून सरळ चालत येऊन चित्राच्या खालच्या कडेबाहेर निघून जाते.

तो दिवस संक्रांतीचा होता. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, असे आपण लहानपणापासून ऐकतो. मग त्या दिवशी सव्वासातची सावली नोव्हेंबरपेक्षा लांब कशी? मला वाटले, पोरीने वेळ चुकीची लिहिली. मी पंचांग काढले आणि विज्ञानाच्या सरांना घेऊन बसलो. चूक तिची नव्हती. सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरच्या सुमारास असतो, पण सर्वांत उशिराचा सूर्योदय आपल्याकडे जानेवारीच्या मध्यानंतर येतो. दिवस वाढतो तो आधी संध्याकाळच्या बाजूने. बेळगावला २० नोव्हेंबरला सूर्य साधारण सहा अडतीसला उगवतो, १५ जानेवारीला सात वाजून गेल्यावर. म्हणजे घड्याळात सव्वासात असताना पहिल्या चित्रातला सूर्य उगवून अर्धा तास उलटला आहे आणि शेवटच्या चित्रातला नुकता पाव तासाचा आहे. पहिल्या चित्रात सावली खांबाच्या उंचीच्या सातआठ पट, शेवटच्या चित्रात वीसपटीहून अधिक. पंचांगातले हे कोष्टक नववीतल्या मुलीने, नकळत का होईना, मसुरीच्या रानावर मांडून दाखवले होते. ते मांडता आले ते त्या खांबामुळे. आणि मी शेरा मारला होता, खांब आडवा आला आहे.

माझी चूक कुठे झाली, याचा विचार करताना मला वह्या आठवल्या. दरवर्षी ‘हिवाळ्यातील पहाट’ हा निबंध मी तपासतो. प्रत्येक वहीत थंडी गुलाबी असते, धुके दुलईसारखे असते आणि गवताच्या पात्यावर दवाचे मोती असतात. त्या मोत्यांखाली मी तीस वर्षे लाल रेघ ओढत आलो. ‘तू स्वतः काय पाहिलेस ते लिही,’ हे वाक्य समासात किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. आणि तोच मी, बुरुजामागचा तांबडा गोळा दिसताच पहिले बक्षीस देऊन मोकळा झालो. गडावरचे ते चित्र म्हणजे दवाचे मोतीच होते. ते पाहण्याआधीच मला माहीत होते. म्हणून तर ते मला लगेच आवडले.

निसर्गाच्या छायाचित्राची खरी कसोटी मला आता इथे दिसते. जे चित्र पाहताना आपल्याला फक्त ओळख पटते, ते सुंदर असले तरी काही नवे सांगत नाही. जे चित्र आपल्याला दुसऱ्यांदा पाहायला लावते, त्याने जागेशी काही काळ संसार केलेला असतो. दूरच्या डोंगरावर एकदा जाऊन आणलेल्या चित्रात जागा असते. घराजवळच्या रानात पुन्हा पुन्हा जाऊन आणलेल्या चित्रात वेळ उतरते.

मात्र फेरतपासणी करायची तर ती पुरती करावी. नऊही चित्रे सारखी उतरलेली नाहीत. दोन ठिकाणी तिने मोबाइलमधली करामत वापरून ऊन केशरी केले आहे आणि तेवढ्यापुरता तिचा स्वतःवरचा विश्वास सुटला आहे. ४ डिसेंबरच्या चित्रात मोबाइल थोडा वाकडा टेकला आहे, त्यामुळे बांध उताराला लागल्यासारखा दिसतो. धुक्याच्या चित्रात पांढरे करडे झाले आहे. यंत्राने आपल्या अकलेने उजेड मोजला की असे होते. ‘माझे शेत’ हे शीर्षक तर कुठल्याही चित्राला चालले असते. सुदेकची सर या चित्रांना नाही आणि ती असावी अशी अपेक्षाही नाही. सुदेक आपल्या निगेटिव्हवरून मोठी प्रत काढत नसे. निगेटिव्ह जेवढी तेवढीच प्रत, म्हणून त्याच्या काळोखातही बारीकसारीक छटा जिवंत राहतात. मोबाइलच्या चित्रातला काळोख नुसताच काळा असतो.

आणखी एक फरक उन्हाचा आहे. प्रागला डिसेंबरअखेर भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून साडेसोळा अंशांच्या आसपासच चढतो. दिवसच मुळी आठ तासांचा. सुदेकला तिरपा, थकलेला उजेड दिवसभर मिळत असे. बेळगावला त्याच दिवशी दुपारचा सूर्य जवळजवळ एकावन्न अंशांवर असतो. प्रागच्या दुपारएवढा सूर्य आपल्याकडे उगवल्यानंतर सुमारे एक तास वीस मिनिटांतच होतो. पुढे दिवसभर सपाट पांढरे ऊन आणि पुन्हा तेवढाच वेळ मावळतीला. म्हणजे आपला हिवाळी उजेड सकाळ-संध्याकाळ मिळून पावणेतीन तासांचा आहे. तो ज्याला हवा त्याने घराजवळच राहिले पाहिजे. गडावर चढून दम घेईपर्यंत तो संपलेला असतो.

आमच्या भागाला पाहण्याची परंपरा नाही असे नाही. चित्रकार के. बी. कुलकर्णी याच बेळगावात राहिले आणि त्यांच्या हाताखाली रवी परांजपे यांच्यासारखे विद्यार्थी घडले. पण रंगांतून जे डोळ्यांना शिकवले गेले ते कॅमेऱ्याच्या हातापर्यंत पोचलेले दिसत नाही. सीमाभागातली आपण माणसे या जमिनीबद्दल पुष्कळ बोलतो. ती कोणाची, याचे कागद आपल्याकडे पेट्या भरून आहेत. ती दिसते कशी, याची नोंद मात्र आपण फारशी ठेवलेली नाही. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या शिवारांतून रस्ते आणि प्लॉट सरकत आहेत. हलगा-मच्छे बायपासच्या वेळी शेतकऱ्यांनी केलेली आंदोलने अनेकांना आठवत असतील. ज्या शिवाराची आठवण बासमतीच्या वासापुरती उरणार आहे, त्याचे डिसेंबरातले सव्वासात वाजताचे ऊन कसे होते हे पुढे कोण सांगेल?

सुदेकलाही हा प्रश्न पडला असावा. उतारवयात, १९५७ ते १९६२ या काळात, त्याने उत्तर बोहेमियातल्या मोस्त भागाची चित्रे घेतली. कोळशाच्या खाणींनी उकरलेली जमीन, धुरकट आकाश, मेलेली झाडे. त्या मालिकेचे नावच ‘दुःखी भूप्रदेश’ असे आहे. खिडकीतल्या झाडाकडे चौदा वर्षे पाहिलेला डोळाच ते दुःख आरडाओरडा न करता टिपू शकला, असे मला वाटते.

त्या मुलीला मी यंदा निरोप पाठवून बोलावले. आता ती कॉलेजात आहे. निकाल चुकला होता असे तिला सांगितले. ती संकोचली. शेताचे विचारले तेव्हा म्हणाली, “अर्धं हाय, सर. गंजीकडचं गेलं. खांब बी दुसरीकडं रोवला.” पुढे काय बोलावे ते मला सुचले नाही. तिची नऊ चित्रे आता शाळेच्या जिन्याजवळ ओळीने लावली आहेत. केशरी केलेली दोन्हीही तशीच ठेवली आहेत. या खेपेला खाली तारखा आणि वेळ ठळक लिहिली आहे. मुले जाता-येता सावलीवर बोट ठेवून मोजतात.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा भातकापणी सुरू झालेली असेल. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा दूर नाही. ज्यांच्या परसदारातून अजून एखादी मजगी, एखादा बांध किंवा नुसता एक खांब दिसतो, त्यांनी सकाळी सव्वासातला एकदा तिथे उभे राहावे. पुढच्या रविवारी पुन्हा त्याच जागी, त्याच वेळी. चित्रामागे तारीख लिहायला मात्र विसरू नये.