अद्भुताच्या राज्यात डोळे कोणाचे?

दलित लेखकाने अद्भुत कादंबरी लिहावी काय, असा प्रश्न आपल्याकडे अजूनही विचारला जातो. ज्याने जळते वास्तव भोगले त्याने जादू, चेटूक आणि काल्पनिक राज्ये यांच्या मागे लागणे म्हणजे पळून जाणे होय, असे विचारणाऱ्याच्या मनात असते. मला हा आक्षेप मान्य नाही. या देशात अद्भुताने माणसांवर राज्य केलेले आहे. अवतारकथा ही नुसती करमणूक नव्हती, ती सत्ता होती. म्हणून तर जोतीराव फुल्यांना १८७३ साली 'गुलामगिरी'त त्या कथा एकेक करून उलटून वाचाव्या लागल्या आणि बळीराजाला पुन्हा उभे करावे लागले. मराठी कादंबरीनेही आरंभीच अद्भुताचा रस्ता धरला. 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांतील राजवाड्यांत आपला माणूस शोधू नये, सापडणार नाही. पण म्हणून तो सगळा प्रदेश प्रस्थापितांच्या हवाली करावा काय?

हे लिहिण्याचे निमित्त एका तरुण मित्राचे हस्तलिखित आहे. त्याच्या संमतीनेच त्याविषयी लिहीत आहे. कादंबरी एका कल्पित राज्याची आहे. राजपुत्र, पुरोहिताची मुलगी, एक सैनिक आणि गावकुसाबाहेरचा एक पोरगा अशा चौघांच्या दृष्टिबिंदूंतून प्रकरणे आळीपाळीने येतात. पहिला खर्डा आहे, तेव्हा शैलीच्या चुका काढण्यात अर्थ नाही. मला खटकले ते वेगळेच. पोरगा अकराव्या प्रकरणात मरतो, आणि त्याच्या मरणाने राजपुत्राचे हृदयपरिवर्तन होते. म्हणजे आमच्या माणसाला डोळे दिले, ते मिटण्यापुरते!

हा दोष एकट्या या मित्राचा नाही. ही रचना आजच्या तरुण वाचकांत रुजली ती बऱ्याच अंशी जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन लेखकामुळे. त्याच्या 'अ गेम ऑफ थ्रोन्स' (१९९६) मध्ये प्रत्येक प्रकरणाला ज्याच्या नजरेतून ते दिसते त्या पात्राचे नाव आहे. अशी आठ पात्रे, आणि आठही जण मोठ्या घराण्यांतले. नववे डोळे आहेत ते फक्त प्रास्ताविकात: विल नावाचा, दुसऱ्याच्या रानात चोरून शिकार केली म्हणून पकडला गेलेला माणूस. तो तिथेच मरतो. तिसऱ्या खंडाच्या (२०००) प्रास्ताविकात जळवा धरणाऱ्याचा मुलगा येतो, त्याचीही तीच गत. डाव्होस हा झोपडवस्तीतला तस्कर दुसऱ्या खंडापासून (१९९८) टिकून राहतो, हे कबूल केले पाहिजे. पण त्याला प्रकरणे मिळतात ती राजाने त्याच्या चार बोटांची पेरे छाटून त्याला सरदार केल्यानंतर. मार्टिन मोठा कथाकार आहे, सत्तेचा खेळ त्याला आरपार कळतो. तो खेळ खालून कसा दिसतो, हे मात्र त्याच्या रचनेतच बसत नाही.

याच्या शेजारी एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय लेखिकेची 'द फिफ्थ सीझन' (२०१५) ठेवून पाहावी. या कादंबरीला आणि तिच्या पुढच्या दोन खंडांना २०१६, २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ तीन वर्षे ह्यूगो पुरस्कार मिळाला. पण आपण ती वाचावी ती त्यासाठी नव्हे. या कादंबरीतील समाजात माणसाच्या नावातच त्याचा उपयोग सांगणारी जात गोवलेली आहे. राबणारे वेगळे, राज्य करणारे वेगळे, आणि ही जात बापाकडून मुलाला, आईकडून मुलीला जाते. आणि या सर्वांच्या बाहेर आहेत भूकंप थोपवू शकणारी माणसे. ज्यांच्यावाचून राज्य एक दिवस उभे राहणार नाही, त्यांनाच शिवी देऊन हाक मारली जाते.

जेमिसिन तीन बायकांच्या नजरेतून कथा सांगते: लहानगी दमाया, तरुण सायनाईट, आणि मूल मारले गेलेली प्रौढ एसुन. कथानक फोडल्याशिवाय पुढचे बोलता येत नाही. या तिघी एकच आहेत. घरचे नाव, संस्थेने घडवल्यावर घेतलेले नाव, ओळख लपवून जगतानाचे नाव. तीन नावांची तीन माणसे, कारण व्यवस्थेने एका जन्मात तिला तीनदा तोडले. इथे अनेक दृष्टिबिंदू हा रचनेचा खेळ राहत नाही, तो जखमेचा आकार होतो. आपल्या वाचकाला हे परके वाटू नये. 'बलुतं' (१९७८) मध्ये दगडू आपली कहाणी दया पवारला सांगतो, आणि दोघे एकच आहेत. आत्मकथन हे एकाच 'मी'चे असते असे म्हणणाऱ्या समीक्षकांनी या दोन आवाजांकडे पुरेसे पाहिलेले नाही.

आणखी एक जागा सांगतो. दूरच्या ठाण्यांवर बसून भूकंप थोपवणारे म्हणजे कंटाळवाणी नोकरी करणारे लोक, अशी सायनाईटची समजूत असते. मग एका ठाण्यावर ती खुर्चीला जखडलेले, मेंदू निकामी केलेले मूल पाहते. राज्याची शांत झोप कशावर उभी आहे हे कळते ते तिच्या डोळ्यांना. राजवाड्यातून लिहिले असते तर ते मूल दिसलेच नसते.

तरीही जेमिसिनशी माझे एक भांडण आहे, आणि ते मित्राच्या खर्ड्याला थेट लागू पडते. तिच्या बहिष्कृतांच्या अंगी खरोखरच शहरे गाडण्याची शक्ती आहे. म्हणजे त्यांना भिणाऱ्या समाजाच्या भीतीला थोडा आधार मिळतो. अमेरिकेच्या संदर्भात हे कसे वाचले जाईल ते तिथल्या वाचकाने ठरवावे. पण आमच्या मित्राने याच वाटेने जाऊन गावकुसाबाहेरच्यांच्या स्पर्शाने खरोखर अंग भाजते, अशी जादू कल्पिली आहे. त्याला यातून विद्रोह दाखवायचा आहे, हे मला दिसते. परंतु यातून विटाळ खरा ठरतो! मनुस्मृतीला जे कधी सिद्ध करता आले नाही ते आपण जादूने सिद्ध करून द्यायचे काय? विटाळ हा पुरोहितकन्येच्या प्रकरणात असावा, तिच्या अंगावर खरोखर शहारा यावा, कारण तिची ती श्रद्धा आहे. पोराच्या प्रकरणात मात्र त्याच्या हाताला फक्त माती लागलेली असावी. दृष्टिबिंदू बदलला की जगाचे नियमच बदललेसे वाटले पाहिजेत. नाही तर चार पात्रे कशाला?

भाषेचेही तसेच. खर्ड्यात पोरगा संवादात बोलीत बोलतो, पण त्याचे निवेदन राजपुत्राच्याच पुस्तकी मराठीत चालते. त्यामुळे गावची विहीर त्यालाही 'पवित्र जलाशय' दिसते. हा शब्द त्याला दिला कोणी? ज्या विहिरीला त्याने कधी पोहरा लावला नाही, तिचे पाणी किती गोड हे त्याला ठाऊक नसणार. पण तिचा एकेक दगड त्याला माहीत असेल, कारण ते त्याच्या आज्याने वाहून आणले. तिच्यावर सकाळी कोणत्या वेळी कोणी नसते, हेही त्याला माहीत असेल. विहिरीचे हे प्रकरण त्याने आधी लिहावे आणि राजपुत्राचे मग, असे मी मित्राला कळवले आहे.